बंद पाण्याचा आवाज

“खडू दे गं एक,” हे म्हणाले आणि मी देईपर्यंत थांबलेच नाहीत. माझ्या डब्यातला चांगला अखंड खडू उचलून रस्त्याच्या मधोमध जाऊन उकिडवे बसले.

मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर पालिकेच्या सूचना लिहीत होते. थंडी सरत आली की सूचनांचा नुसता सुळसुळाट होतो. झाडांची छाटणी होणार आहे, गाड्या फांद्यांखाली उभ्या करू नयेत. वाळलेली पानं जाळू नयेत, पोत्यात भरून कोपऱ्यावर ठेवावीत. मोडकं सामान नेणारी गाडी शनिवारी येईल, गादी असल्यास दोरीने बांधून ठेवावी. कुत्र्यांना लस टोचून घ्यावी. शिवाय गल्लीच्या घरगुती बातम्या असतातच. कुणाचा हातमोजा सापडलाय, कुणाची नात पोहण्यात पहिली आली, कुणाचं मांजर कालपासून घरी आलेलं नाही. हे काम मला कुणी दिलेलं नाही. आधी लिहिणारे आजोबा गेले, फळा काही दिवस तसाच राहिला, आणि मला रिकामा फळा बघवत नाही. तेव्हापासून सगळे मला बातमीबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दिवशी सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहायचं होतं ते पाण्याचं. गळती शोधण्याचे काम सुरू असल्याने आज पाणी कधीही बंद होईल, भरून ठेवावे. गेल्या आठवड्याभरात मी हेच वाक्य इतक्यांदा पुसून पुन्हा लिहिलं होतं की फळ्याचा तो भाग पांढरट पडला होता.

आणि ज्यांच्यामुळे लिहावं लागत होतं, ते माझे यजमान, माझ्याच खडूने रस्त्यावर गोल काढत होते.

ह्यांचं काम म्हणजे ऐकणं. पालिकेच्या पाणी खात्यात ह्यांना त्याचाच पगार मिळतो. जमिनीखालचा पाइप कुठे फुटलाय हे वरून दिसत नाही, पाणी भलतीकडेच जाऊन वर येतं. मग हे लांब लोखंडी सळई रस्त्यावर टेकवतात, तिच्या वरच्या टोकाला लाकडाची वाटी आहे तिला कान लावतात, डोळे मिटतात आणि ऐकतात. दाबाखालचं पाणी फटीतून निसटताना बारीक सूं सूं करतं म्हणे. जिथे तो आवाज सगळ्यात स्वच्छ येईल तिथे खडूने गोल. गोलात खणायचं. खात्यातली सगळी माणसं ह्यांना ‘कानवाले’ म्हणतात आणि ते चेष्टेने नाही. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी पाहुण्यांना छाती फुगवून सांगितलं होतं, “जावई पाण्याचे डॉक्टर आहेत.”

घरी मात्र ह्या कानाने मला वैताग आणला होता. जेवता जेवता मध्येच उठायचे.

“नळ चालू राहिलाय.”

“नाही राहिला. मी आत्ता बघून आलेय.”

“अगं, आवाज येतोय ना.”

जाऊन बघायचे तर नळ कोरडा. वॉशर बदलून झाला, नळ बदलून झाला, तरी पुन्हा तेच. मी म्हणायचे, खात्याचं काम खात्यात ठेवून येत जा, घरी कशाला आणता? आणि दुसरीकडे मी स्वयंपाकघरातून घसा फोडून हाका मारल्या तरी ह्यांचं आपलं “काय म्हणालीस?” त्याला मी नवरेपणा समजत होते. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा आवाज ऐकू न येणं हा काही आजार नसतो, अशी माझी खात्री होती.

तर गल्लीत गळती होती, एवढं नक्की. गल्लीच्या टोकाला बालवाडी आहे. बालवाडीच्या बाई आठवड्यापूर्वी फळ्याशी येऊन म्हणाल्या, “नळाला करंगळीएवढी धार येते हो. आणि पुढच्या पडवीच्या भिंतीला ओल धरलीय.” मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी खात्यात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सळई घेऊन स्वतःच हजर झाले. मला बरं वाटलं होतं. आपल्या गल्लीचं काम आपला माणूस करणार.

पहिला गोल शिंप्याच्या दुकानासमोर पडला. खणलं, माती कोरडी. दुसरा गोल त्याच्या पुढे, जिन्याच्या तोंडाशी. तिथेही काही नाही. हे घरी येऊन बोलेनासे झाले. सकाळी चहा घेताना म्हणाले, “मला सगळीकडेच ऐकू येतंय गं. जिथे टेकवतो तिथे.” मी म्हटलं, “मग सगळीकडेच फुटला असेल, जुना पाइप आहे.” काय बोलतोय त्याचा विचारसुद्धा मी केला नव्हता.

आजचा हा तिसरा गोल.

“अहो कानवाले,” शिंपी दारातून ओरडला, “माझं गिऱ्हाईक आता काय लांब उडी मारून दुकानात येणार का? दोन खड्डे तसेच आहेत!”

“आजच्याला सापडेल,” हे म्हणाले.

“काका म्हणतायत म्हणजे सापडेलच,” इंजिनियरबाई म्हणाल्या. आमच्या मुलीच्या वयाची पोर, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पण हुशार आणि ह्यांचा फार मान ठेवणारी. “मुकादम, इथे जरा जास्त खोल जा. मागच्या दोन्ही वेळेला आपणच वरवर खणलं असणार. काकांचा कान चुकायचा नाही.”

मुकादम आणि त्याची माणसं लागली कामाला. खाली गेले, अजून खाली गेले. माती कोरडी ठणठणीत. मुकादम वर बघून म्हणाला, “दादा, नक्की ना?” ह्यांनी सळई पुन्हा टेकवली, ऐकलं, मान हलवली. “आहे. घाल टिकाव.”

त्याने टिकाव घातला, आणि खड्ड्यातून पाण्याचा फवारा असा उसळला की मुकादमाची टोपी उडून शिंप्याच्या दारात जाऊन पडली.

काय ओरडा झाला! माणसं खिडक्यांत आली. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. मुकादम गळ्यापर्यंत भिजलेला, तरी हसत होता. “बघा! म्हटलं नव्हतं मी?” इंजिनियरबाई म्हणाल्या. शिंप्यानेसुद्धा टाळ्या वाजवल्या, मग ओली टोपी पिळून परत दिली. मी ह्यांच्याकडे बघितलं. आठवडाभर कानांपर्यंत चढलेले खांदे खाली आले होते. मला इतका आनंद झाला की मी ताबडतोब फळ्यावरची सूचना पुसली आणि ठळक अक्षरात लिहिलं: गळती सापडली.

व्हॉल्व्ह बंद केला. फवारा बसला, गुळगुळ करत थांबला. माणसांनी बादल्यांनी खड्डा उपसला. पाइपावर बसवायचा पट्टा आणायला गाडी गेली आणि सगळे जरा विसावले. हे खड्ड्यात उतरले. मला वाटलं, कौतुकाने बघतायत. ह्यांनी पाइपावरून हात फिरवला, मग एका जागी बोट ठेवून बराच वेळ तसेच उभे राहिले. भोवतालच्या भिंतीत बोट खुपसून आतली माती काढली, चिमटीत चुरली. ती भुरभुरली. वर आले. सळई उचलली, चार पावलं बाजूला गेले, टेकवली, कान लावला.

इतक्या वर्षांत मी ह्यांचा ऐकतानाचा चेहरा पुष्कळदा पाहिला आहे. शांत असतो, जवळजवळ झोपलेल्या माणसासारखा. त्या दिवशी मी बघत असतानाच त्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ह्यांनी सळई उचलली, दुसरीकडे टेकवली. मग तिसरीकडे. मग माझ्याकडे चालत आले आणि फळ्याखालच्या पायरीवर बसले.

“पाणी बंद केलंय ना?”

“केलंय की. मघाशीच.”

“सगळ्या गल्लीचं?”

“अहो, तुमच्यासमोर तर चावी फिरवली. नळाला नुसती हवा येतेय सगळ्यांच्या. का?”

ह्यांनी सळई पुन्हा हातात घेतली.

“मग मला ऐकू कसं येतंय?”

मला आधी समजलंच नाही. ह्यांनी सळई आडवी धरली, रस्त्यापासून उचलून, हवेत. वाटीला कान लावला. “आत्ता पण येतंय,” म्हणाले. मग सळई खाली ठेवली, नुसतेच बसले, हात गुडघ्यांवर. “आत्ता पण.”

आणि मला आमचा नळ आठवला. बदललेला वॉशर आठवला, ताटावरून उठणं आठवलं, माझ्या हाका आठवल्या. असं वाटलं की हे माझ्यासमोर बसलेत आणि ह्यांचं काहीतरी भर दिवसा, गल्लीच्या देखत, चोरीला गेलंय.

“तो पाइप धड होता,” हे म्हणाले. “टिकावाने फुटला. भोक ताजं आहे, आत चकचकीत. आजूबाजूची माती बघितलीस? कोरडी. तिथे काही नव्हतं.”

“हळू बोला.”

“नव्हतंच काही.”

“अहो, हळू बोला!” मी त्यांच्याजवळ बसले. मला काय झालं होतं कोण जाणे, डोकं एकदम भराभर चालायला लागलं. “कुणाला कळलंय? कुणालाच नाही. पट्टा बसवतील, खड्डा बुजवतील, गल्लीला पाणी येईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. एवढं एक वर्ष राहिलंय नोकरीचं. उद्या डॉक्टरकडे जाऊ. आज तोंडातून शब्द काढू नका. तुम्हाला माझी शपथ आहे.”

“आणि बालवाडीतली ओल?”

मी हातातल्या फडक्याची घडी घालायला लागले.

“ती ह्या पाइपाने नाही आली,” हे म्हणाले. “हा धड होता. म्हणजे ती दुसरीकडून येतेय, आणि आठवडाभर येतेय. आता सापडली म्हणून सगळे घरी जातील. मग कोण बघणार आहे?”

“तुम्ही बघा ना नंतर. हळूहळू.”

“कशाने बघू?”

हे उठले. माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि फळ्यावरचा ‘सापडली’ हा शब्द पुसून टाकला. ‘गळती’ तेवढं ठेवलं. मग खड्ड्याच्या कडेशी जाऊन उभे राहिले.

हल्ली हे मोठ्याने बोलायला लागले होते. तेही मला नवरेपणाच वाटत होतं. त्यामुळे ह्यांनी इंजिनियरबाईंना जे सांगितलं ते त्यांच्याबरोबर सगळ्या गल्लीने ऐकलं.

“बाई, गळती सापडलेली नाही. हा पाइप आपण फोडला. मला कानात आवाज येतोय, पाणी बंद असताना पण येतोय. तो पाण्याचा नाही, माझा आहे. बालवाडीकडची गळती तशीच आहे.”

मुकादम बादली हातात घेऊन तसाच उभा राहिला. मघाशी टाळ्या वाजवणारे हात कुठे ठेवावेत हे लोकांना कळेना. इंजिनियरबाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. “काका,” त्या म्हणाल्या, “वरच्या ऑफिसातून ऐकायचं यंत्र पाठवत होते. मी नको म्हटलं. तुम्ही आहात म्हणून नको म्हटलं.”

“चुकलंच ते,” हे म्हणाले.

“कधीपासून होतंय असं?”

“माहीत नाही. आज कळलं.”

तेवढ्यात शिंपी पायरी उतरून खाली आला. माणूस वाईट नाही, पण त्याचा चेहरा वेगळाच झाला होता. हिशेब करत असल्यासारखा. “म्हणजे मागच्या उन्हाळ्यात माझी पायरी फोडलीत, ती?”

“माहीत नाही.”

“तिथे पाणी निघालं होतं की.”

“निघालं होतं. पण आधीपासून होतं की आपण काढलं, माहीत नाही.”

“आणि वरच्या चौकातला? पंधरा दिवस रस्ता बंद होता तो?”

“माहीत नाही.”

प्रत्येक वेळी हे तेच आणि तसंच म्हणत होते, आवाज न चढवता. एका मिनिटात ह्या माणसाचे सगळे खड्डे पुन्हा उकरले जात होते, पार जुने, बुजवून वर डांबर टाकलेले. बरोबर निघालेले कितीतरी असतील. पण आता कुठले बरोबर आणि कुठले नाही हे ह्यांना स्वतःलाही सांगता येणार नव्हतं. मी शिंप्याला म्हटलं, “पुरे आता, दुकानात जा.” तो गेला.

इंजिनियरबाईंनी फोन लावले. यंत्र दुसऱ्या गावी होतं, यायला आठवडा लागणार होता.

“आठवडा नको,” हे म्हणाले. “पट्टा बसला की पाणी सोडा, ऐकून बघू.”

“पण ऐकणार कोण, काका?” बाई हे शक्य तितक्या मऊपणाने म्हणाल्या. “मुकादम?”

“आम्ही खणणारी माणसं,” मुकादम म्हणाला. “मशीनच्या घरघरीने आमचे कान कधीच कामातून गेलेत.”

ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

“ही ऐकेल.”

“मी?” मी जवळजवळ किंचाळलेच. “मला काय कळतंय त्यातलं?”

“हिला शेजारच्या खोलीतून दूध उतू जायच्या आधी कळतं,” हे बाईंना म्हणाले. “मला सळई कुठे लावायची ते कळतं. दोघांचं मिळून होईल.”

दुपार कलल्यावर पाणी सोडलं. ऊन असं होतं की सावलीत काकडायला होई आणि उन्हात पाठ भाजे. ह्यांनी मला रस्त्यावर गुडघे टेकवून बसवलं, सळई धरली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या वाटीला कान लावला. वाटी गुळगुळीत झाली होती, ह्यांच्या कानाने घासून घासून. गल्ली बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“काय येतंय?”

“काही नाही. धडधड येतेय.”

“ती तुझीच. सगळ्यांना पहिल्यांदा तीच येते. तिच्या पलीकडे जा.”

पलीकडे कसं जातात ते ह्यांनी सांगितलं नाही. मी डोळे मिटले. धडधड होती, मग कुठेतरी पायांचे आवाज, लांबून एक गाडी. आणि त्या सगळ्याच्या खाली, फार बारीक, काहीतरी.

“कुणीतरी पीठ चाळतंय,” मी म्हटलं.

हे माझ्याजवळ वाकले. “बारीक चाळणीने की जाड?”

“बारीक.”

“मग लांब आहे. ऊठ.”

असे आम्ही निघालो. हे सळई टेकवायचे, मी कान लावायचे. आधी मागे शिंप्याच्या दुकानापुढे गेलो, तिथे पीठ जवळपास नव्हतंच. पुढच्या दोन दारांपाशी पुन्हा बारीक चाळणी. दिव्याच्या खांबापाशी जाड झाली. हे मधूनच विचारत, “कसंय आता? सांग ना, कसंय?” आणि त्या विचारण्यात फक्त काम नव्हतं. गावाहून आलेल्या माणसाला आपल्या घराबद्दल विचारावं तसं ते होतं. मी जमेल तसं सांगत होते. इंजिनियरबाई मागून येत होत्या, मुकादम पहार घेऊन त्यांच्या मागे.

बालवाडीच्या पडवीसमोर ह्यांनी सळई टेकवली. मी कान लावला आणि दचकून मागे घेतला, इतका मोठा आवाज होता.

“काय?”

“पीठ नाही आता. खडे आहेत. पिठात खडे गडगडतायत.”

“खडे?” ह्यांनी माझा दंड धरला. “नीट ऐक. खडे? नक्की?”

“हो हो. गडगड, गडगड.”

ह्यांनी मला धरून मागे ओढलं, इतक्या जोरात की मी बसकणच मारली. “मुलं कुठेत?” हे ओरडले. “बाई! मुलं कुठेत?”

मुलं पडवीतच होती. आत गारठा म्हणून बालवाडीच्या बाईंनी त्यांना पडवीच्या उन्हात सतरंजीवर बसवलं होतं, घरी न्यायला माणसं येईपर्यंत. कागदाच्या चिमण्या करत होती. बाई हसून म्हणाल्या, “काय झालं?”

“उठवा! मागच्या दाराने काढा! ह्या बाजूला नको, मागे, मागे!”

मी ह्यांना असं ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. बालवाडीच्या बाईंनी पुढे काही विचारलं नाही. दोन मुलं काखेत मारली, बाकीच्यांना पुढे घातलं. इंजिनियरबाई भिंतीला चिकटून आत धावल्या, त्यांनी राहिलेली उचलली. पडवीत सतरंजी आणि चिमण्या तेवढ्या उरल्या.

मुकादम बाहेरच उभा राहिला, लांबून हात पुढे करून पहारीने पडवीची पहिली फरशी ठोकली. फरशी पोकळ वाजली. त्याने जरा जोर दिला आणि पहार त्याच्या हातातून निसटून आत गेली. पूर्ण गेली. दिसेनाशीच झाली. थोड्या वेळाने खालून डुबुक्‌ असा आवाज आला. मग ती फरशी गेली, तिच्या शेजारची गेली, आणि सतरंजीचं एक टोक हळूच खाली ओढलं गेलं.

पायाखालची जमीन सरकली असं आपण ऊठसूट म्हणतो. मी पुन्हा म्हणणार नाही. पडवीच्या खाली जमीनच नव्हती. पाण्याने ती केव्हाच धुऊन नेली होती, मी ऐकले ते खडे तिचेच होते, आणि वर नुसत्या फरशा एकमेकींच्या आधाराने टिकून होत्या, आणि त्यांच्यावर रोज मुलं बसत होती. मागच्या दाराने वळसा घालून आलेल्या बालवाडीच्या बाईंनी ते भोक पाहिलं आणि त्या रस्त्यातच खाली बसल्या. त्यांच्या काखेतली पोरगी विचारत होती, “बाई, माझी चिमणी पडली. कोण काढणार?”

आता सळई नको होती. भोकातून पाण्याचा आवाज उघडाच येत होता, घों घों, सगळ्या गल्लीला ऐकू येत होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भोकाकडे बघत नव्हते. हे आमच्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघत होते.

“येतोय का आवाज?” ह्यांनी मला विचारलं.

“येतोय,” मी म्हटलं.

ह्या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. व्हॉल्व्ह बंद झाला, दोऱ्या बांधल्या गेल्या, मुलांना घेऊन जायला आलेली माणसं आपापलं मूल घट्ट धरून गेली. एका आईने वळून ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी रुमालाने सळईची लाकडी वाटी पुसली आणि सळई मुकादमाकडे दिली. “खात्यात जमा कर,” म्हणाले. मुकादमाने ती दोन्ही हातांनी घेतली.

संध्याकाळी मी फळा लिहायला गेले तेव्हा हे बरोबर आले. मी लिहिलं, बालवाडी पुढील सूचनेपर्यंत बंद. टोकाकडच्या चार घरांनी टँकरचं पाणी घ्यावं. मग थांबले.

“लिही ना,” हे म्हणाले. “आधीचे तीन खड्डे चुकीच्या जागी खणले गेले. उद्या बुजवले जातील.”

“हे लिहायलाच हवं का?”

“शिंप्याला कळायला हवं ना, कधी बुजणार ते.”

मी लिहिलं. ‘चुकीच्या’ लिहिताना खडू मोडला. हे खाली वाकले, तुकडा शोधून माझ्या हातात दिला.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, ऐकणं बरंच कमी झालंय, आणि कमी झालं की कान असा आपला आपणच आवाज तयार करतो. तो जायचा नाही, सवय करून घ्यायची. यंत्र आलं, त्याला एक चुणचुणीत मुलगी चालवते, तिचे गोल डब्यातून फवारलेल्या रंगाचे असतात, खडूचे नाहीत. ह्यांना भांडारात बसवलंय, व्हॉल्व्ह आणि चाव्या मोजून द्यायला. गल्लीत लोक नीट वागतात. बालवाडीच्या बाई येऊन ह्यांच्या पाया पडल्या, ह्यांना ते अजिबात आवडलं नाही. पण कुठे रस्ता खचलेला दिसला की दोन माणसं थांबून बघतात आणि हळूच बोलतात, हेही मी पाहिलंय. हळू बोलायची आता खरं तर गरज नाही.

गेल्या रविवारची गोष्ट. थंडी जवळजवळ गेलीच होती. हे मागच्या अंगणात स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करत होते, नळाकडे पाठ करून. मी नळाखाली बादली लावली आणि आत फोन वाजला म्हणून गेले, तो बहिणीचा, म्हणजे लवकर संपणारा नव्हता. परत आले तर बादली भरून वाहत होती. केव्हाची वाहत असणार. पाणी फरशीवरून पसरत स्टुलाच्या पायापर्यंत पोचलं होतं, ह्यांच्या मोज्यांना लागत होतं, आणि हे ब्रश हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते.

“अहो!” मी धावले. “एवढं पाणी वाहतंय मागे, आणि—”

हे वळले. बादलीकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे.

“येत होता आवाज,” म्हणाले. “मला वाटलं, माझाच असेल.”

मी नळ बंद केला. ह्यांनी ओले पाय उचलून स्टुलाच्या आडव्या दांडीवर ठेवले, आणि पाणी मोरीत जाईपर्यंत तसेच बसून राहिले.